सरळ धरलेला तुकडा

सोमवार, २४ मार्च २०२५

ही डायरी जानेवारीत मशीनच्या तेलाचा पुरवठादार देऊन गेला. तीन महिने कपाटात कोरी पडून होती. जाड कागद, रोजचं एक पान, वर तारीख छापलेली. टाकवत नाही आणि कुणाला द्यायची वेळही निघून गेली. उमा म्हणाली, "मला द्या, किराण्याच्या याद्या लिहीन." म्हणून घाईघाईने आज मीच सुरू केली.

पहिल्या पानावर माहिती भरली. नाव श्रीधर सेलूकर. वय एकोणपन्नास. पत्ता सिडको एन-आठ. रक्तगट बी पॉझिटिव्ह. नोकरी शेंद्र्याला, प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटी विभागात. 'छंद' या रकान्यासाठी उमाने मागून वाकून सुचवलं, "वस्तू सरळ करणे." ते लिहिलं नाही, पण खोटंही नाही. समोरचं कॅलेंडर वाकडं असलं तर मला घास उतरत नाही.

आज पुण्याच्या ग्राहकाची तक्रार आली. आम्ही त्यांना मोटारसायकलच्या मीटरवरची काच पुरवतो. काच म्हणायची, असते पारदर्शक प्लास्टिकची, वीतभर लांब, चार बोटं रुंद. गाडीवर बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्रेचाळीस काचांना केसाएवढ्या चिरा गेल्या. प्लांट हेड सर्जेराव जाधव यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "सेलूकरसाहेब, दहा दिवसांत कारण पाहिजे. बावीस एप्रिलला तुमची डेप्युटी मॅनेजरची मुलाखत आहे. त्याच्याआधी हे मिटलेलं बरं."

मिटेल म्हटलं. या काचेची नस न् नस मला ठाऊक आहे. सव्वीस जानेवारीला ध्वजवंदनानंतर मला कामात सुधारणा सुचवल्याबद्दल कायझेनचं पहिलं बक्षीस मिळालं, ते याच काचेसाठी. पूर्वी तासाला जेवढ्या निघायच्या त्यापेक्षा आता बऱ्याच जास्त निघतात. बक्षिसाच्या मिक्सरवर उमा रोज चटणी वाटते.

मंगळवार, २५ मार्च

चिरलेल्या काचा पुण्याहून आल्या. प्रत्येकीच्या मागे मशीनचा आकडा आणि पाळीचं अक्षर उमटलेलं असतं. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस सात नंबर मशीनच्या, पहिल्या पाळीच्या. म्हणजे सांडू गायके. ही काच बहुतेक त्याच पाळीत निघते हे खरं, पण आकडा तो आकडाच.

सांडू करमाडचा. कंत्राटी ऑपरेटर, चार वर्षं सात नंबरवर. गडी कामाला बरा आहे, फक्त त्याला लिहायचा फार सोस. पाळी संपताना वहीत आकडे भरायचे असतात आणि शेवटी 'शेरा' असा एक रकाना असतो. बाकीचे तिथे रेघ मारून मोकळे होतात. हा काहीतरी खरडतोच. आजही होतं, "माल गरम निघतो." मार्च संपत आलाय, पत्र्याखाली काम, गरम निघणार नाही तर काय गारेगार निघेल? खाली सही केली. दिवसाला अशा चोवीस सह्या असतात माझ्या.

गुरुवार, २७ मार्च

सांडूला लॅबमध्ये बोलावून घेतलं. काच साच्यातून काढताना आपटतोस का, पुसायला थिनर वापरतोस का, सगळं विचारलं. थिनर लागलं की हे प्लास्टिक चिरतं.

"नाय साहेब. थिनर कशाला? कोरडं फडकं असतंय माझ्यापाशी."

"मग चिरा येतात कुठून?"

"माल गरम निघतो, साहेब. हातमोज्यातून चटका बसतोय. म्या लिहितो की रोज."

"सांडू, मला हवामान सांगू नकोस," मी म्हटलं. तो गप्प बसला. गप्प बसलेल्या माणसाचा मला संशय येतो.

पॅकिंगच्या दगडाबाई दारात खोका घेऊन उभ्या होत्या. जाता जाता बोलल्याच, "दिवाळीच्या आदी आसं नव्हतं व्हत. पंधरा वर्सं झाली, हीच काच भरते मी." दगडाबाईंना दिवाळीच्या आधीचं सगळंच बरं वाटतं. कँटीनचा चहासुद्धा.

रविवार, ३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली. गुढीची काठी थोडी कललेली बांधतात, त्यामुळे तेवढ्या कामात उमा मला हात लावू देत नाही.

जेवताना काचेचा विषय निघाला. स्वरालीची सीईटी महिन्यावर आली आहे. श्रीखंडाची वाटी बाजूला सारून म्हणाली, "बाबा, त्या काचेत आतून ताण असेल तर तो डोळ्यांनी दिसतो. तुझा गॉगल आण."

माझा दुचाकीवर घालायचा गॉगल. जालना रोडवर दुपारी डांबर चकाकतं, म्हणून मागच्या वर्षी घेतला. दांडीवर 'पोलराइज्ड' लिहिलंय. मला वाटायचं ते कंपनीचं नाव.

तिने लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडलं. समोर गॉगल धरून हळूहळू फिरवला. थोडा तिरका झाला आणि पडदा काळा ठिक्कर पडला. मग मध्ये आपली कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी धरली. काळ्यावर रंग उमटले. जांभळे, पिवळे, हिरवे पट्टे, आणि पट्टीच्या भोकाभोवती तर दाटी. पंचवीस वर्षं प्लास्टिकमध्ये काढली मी. डिप्लोमाला वाचलंही असेल. पाहिलं मात्र आज.

मग तिने समजावून सांगितलं. प्रकाश पुढे जातो तेव्हा आडव्या अंगाने थरथरत जातो. साध्या प्रकाशात ती थरथर सगळ्या दिशांनी असते. गॉगल त्यातली एकच दिशा ठेवतो. याला ध्रुवण म्हणतात. दाखवायला बाल्कनीच्या गजांमधून कपडे वाळत घालायची दोरी ओवली आणि हलवली. वरखाली हलवली तर लाट गजांच्या फटीतून पार गेली, डावीउजवीकडे हलवली तर गजांना थडकून मेली. उमाचे दोन टॉवेल खाली पडले.

"म्हणजे गॉगलमध्ये असे उभे गज असतात," मी म्हटलं.

"इथेच सगळे चुकतात, बाबा. गॉगलमध्ये लांबलचक रेणू आडवे लावलेले असतात. स्वतःच्या दिशेची थरथर ते गिळून टाकतात, म्हणून उभी तेवढी पार जाते. दोरीच्या बरोबर उलट." रस्त्याची चकाकी आडवी थरथरते, म्हणून ती गॉगलमध्ये अडते म्हणे.

ताण असलेल्या प्लास्टिकमध्ये या थरथरीचे दोन भाग होतात आणि एक भाग दुसऱ्याच्या मागे पडतो. बाहेर येऊन ते पुन्हा एकत्र झाले की रंग दिसतात. पट्टे जितके दाट तितका ताण जास्त.

मला एकदम सेलूचं घर आठवलं. सत्याऐंशी साली दादांनी, म्हणजे वडिलांनी, गच्चीवर टीव्हीचा अँटेना लावला होता. दांडा उभा आणि काड्या सगळ्या आडव्या. मी अकरा वर्षांचा. दांड्याशी जुळत नाहीत म्हणून मी चढून सगळ्या काड्या उभ्या करून आलो. पडद्यावर नुसत्या मुंग्या. रविवारचा सिनेमा गेला आणि दादांनी थोबाडीत दिली. स्वरालीला सांगितलं तर हसत सुटली. "तीही हीच लाट, बाबा, फक्त लांबी मोठी. केंद्रावरून आडवी थरथरत यायची आणि तू काड्या उभ्या केल्यास. कशी सापडेल?"

अडतीस वर्षांनी ती थोबाडीत समजली.

मंगळवार, १ एप्रिल

गॉगल घेऊन ऑफिसला गेलो. तारीख बघून लॅबमधल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. पिटोत.

माझ्या टेबलावरच्या मॉनिटरवर कोरं पान उघडलं. इथे गॉगल पूर्ण उभा फिरवला की पडदा काळा होतो. मग सात नंबरच्या ताज्या काचा एकेक करून मध्ये धरल्या. नीट, पडद्याच्या कडेला समांतर. पट्टीसारखं काम केलं, एकीलाही वाकडी होऊ दिली नाही. वीस काचा पाहिल्या. रंग नाहीत. कोपऱ्यांत कुठेकुठे पांढुरकी झाक होती, ती पडद्याचीच असणार.

म्हणजे काचेत ताण नाही. साचा बरोबर, मशीन बरोबर, सेटिंग बरोबर. चिरा पडतात त्या बाहेरून, हाताळणीतून. खरं सांगतो, जिवात जीव आला. कायझेनची काच आहे, जरा धाकधूक होती.

गुरुवार, ३ एप्रिल

अहवाल दिला. आमच्याकडे पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. का चिरली? बाहेरून इजा झाली म्हणून. इजा का झाली? हाताळणी चुकली. असं करत पाचव्या 'का'च्या पुढे लिहिलं, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा." सोबत गॉगलच्या चाचणीचे फोटो जोडले, वीस काळ्या चौकटी, ओळीने. सर्जेराव खूश. म्हणाले, "गॉगलचं डोकं लई भारी लढवलंत."

दुपारी कंत्राटदाराने सांडूचा गेटपास काढून घेतला. मी तसं करायला सांगितलं नव्हतं. पण अहवालात नाव होतं, पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

सकाळी कंपनीची बस गेटात शिरताना सांडू बाहेर उभा होता. खिडकीची काच खाली केली. एवढंच म्हणाला, "साहेब, वही वाचा." उद्धटपणाच म्हणायचा. मी काच वर केली.

बुधवार, ९ एप्रिल

सात नंबरवर शिवराज नावाचा नवा ऑपरेटर दिलाय. त्याला मी स्वतः उभा राहून शिकवलं. हातमोजे, मऊ कापड, ट्रेमध्ये फोम. काच फुलासारखी उचलतो.

आज त्याच्या काचा लॅबमध्ये रसायनाच्या द्रावणात बुडवल्या. चांगली काच त्यात टिकते, आत ताण असेल तर महिनाभरात जे व्हायचं ते काही मिनिटांत होतं. दहापैकी सहा चिरल्या.

द्रावण शिळं असेल. उद्या ताजं करून पाहतो.

गुरुवार, १० एप्रिल

ताज्या द्रावणात दहापैकी सात.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

जेवणाच्या सुट्टीत मी काचा मॉनिटरसमोर धरून पुन्हा बघत होतो. पुन्हा काळंच. दगडाबाई खोक्यावरच्या चिठ्ठ्या घ्यायला आल्या. "बगू तरी साहेब, काय बगता रोज," म्हणत गॉगल हातात घेतला. मी म्हटलं, असा उभा धरा. दुसऱ्या हातात काच दिली. त्यांनी ती धरली भाकरी उलथताना धरतात तशी, कशीही, तिरकी. मी "सरळ धरा हो" म्हणणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आगं बया, हितं तर रंगच रंग हायेत की!"

मी मान घालून पाहिलं. काच त्यांच्या हातात तिरपी होती आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टेच पट्टे. वितळलेलं प्लास्टिक साच्यात जिथून शिरतं त्या बाजूला तर मोजता येऊ नयेत इतके. मी हात पुढे करून काच सरळ केली. रंग गेले. तिरपी केली. आले. पाच-सहा वेळा केलं. दगडाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी स्वरालीला विचारलं. ती म्हणाली, "ताण ज्या दिशेने आहे, प्रकाशाची थरथरही त्याच दिशेने असेल तर तिचे दोन भाग होतच नाहीत. जशी आली तशी पार जाते आणि गॉगलमध्ये अडते. सगळं काळं. तुझी काच लांबीच्या दिशेने ताणलेली आहे, तू ती पडद्याला समांतर धरलीस. पंचेचाळीस अंशांत फिरव, सगळ्यात जास्त दिसेल."

"पण पाडव्याला पट्टी सरळ धरली तरी दिसलं होतं."

"आपल्या लॅपटॉपमधून प्रकाश तिरका थरथरत येतो. तेव्हा गॉगल तिरका करावा लागला होता, आठवतंय? ऑफिसच्या मॉनिटरचा सरळ असणार." मग तिने विचारलं, "बाबा, तू काच फिरवून पाहिलीच नाहीस?"

नाही पाहिली. वाकडी धरायची कल्पनाच मला सुचली नाही.

शनिवार, १२ एप्रिल

क्वालिटीच्या कपाटात प्रत्येक महिन्याच्या दोन काचा नमुना म्हणून ठेवलेल्या असतात. मीच ठेवतो, लेबलं एका रेषेत. आज एकेक काढून तिरप्या धरल्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर: फिकट राखाडी, एखादा पट्टा. डिसेंबर: दाट रंग. तिथून पुढे सगळ्या तशाच.

दोन डिसेंबरला काय बदललं ते मला वहीत शोधायची गरज नव्हती. साच्यात काच थंड होऊ द्यायला अठ्ठावीस सेकंद लागायचे. मी ते एकवीस केले. सात सेकंद वाचवले. हेच माझं कायझेन. काच अर्धवट गरम असताना साचा उघडतो, बाहेर कशीही निवते, आणि ताण आत कोंडून राहतो.

तरीही वही काढली. "साहेब, वही वाचा" हे डोक्यातून जात नव्हतं. तीन डिसेंबरच्या शेऱ्यात सांडूचं अक्षर: "माल गरम निघतो." चार डिसेंबर: "माल गरम निघतो." डिसेंबरात पहाटे शेंद्र्याला स्वेटर घालून यावं लागतं. दोन एप्रिलपर्यंत एक्क्याऐंशी वेळा लिहिलंय. एकदा, सोळा जानेवारीला, थोडं जास्त आहे: "माल गरम निघतो. साहेबांना दाखवणे."

त्याच्याही खाली माझी सही आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

सर्जेरावांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. सगळं ऐकलं, गॉगल लावून काच तिरपी करून पाहिली, चांगलेच चमकले. मग म्हणाले, "हे बघा, ग्राहकाने तक्रार बंद केलीय. आजपासून अठ्ठावीस सेकंद करून टाका. कोण विचारतंय? उकरायचं कशाला?"

"आणि डिसेंबरपासून गेलेला माल?"

"येतील तशा बदलून देऊ."

"आणि सांडू?"

"कंत्राटी माणूस आहे. शेंद्र्यात नाय तर बिडकीनला लागंल. तुमची मुलाखत मंगळवारी आहे, सेलूकरसाहेब. ते बघा."

अठ्ठावीस सेकंद केले. संध्याकाळच्या काचा थंडगार आणि राखाडी.

गुरुवार, १७ एप्रिल

काहीच केलं नाही. दोनदा अहवालाची फाइल उघडली आणि बंद केली. चूक सुधारली आहे, पुढे कुणाला त्रास नाही, असं मनाशी म्हणून पाहिलं. म्हणताना बरं वाटतं. डेप्युटी मॅनेजर झालो तर कंत्राटी लोकांसाठी काही करता येईल, असंही म्हणून पाहिलं. ते मलाच पटलं नाही.

रात्री जेवताना उमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाने एक्क्याऐंशी वेळा लिहिलं. तुम्हाला एकदा लिहायचंय." आणि ताटं उचलून आत गेली. मला तिचा राग आला. अजून आहे.

रविवार, २० एप्रिल

करमाडला जाऊन आलो. आधी फोन केला नाही, नको म्हणाला असता तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

सांडूचं घर गावाच्या कडेला. अंगणात ठिबकच्या नळ्या पसरून तुंबलेली भोकं टाचणीने मोकळी करत बसला होता. मला बघून उठला. मोनिकाने, त्याच्या बायकोने, खुर्ची आणली, चहा ठेवला. वाटेत मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, अहवालासारखं मुद्देसूद. तोंडातून निघालं ते एवढंच, "सांडू, चूक माझी होती. वेळ मी कमी केली. वही मी वाचली नाही."

त्याने टाचणी शर्टाच्या खिशाला खोचली. "वाचली नाय?"

"नाही."

"एकबी दिवस?"

"नाही रे."

त्याने नळी बाजूला सारली. "म्या रोज बघायचो साहेब, तुमची सही हाय का नाय ते. सही असायची. म्हटलं, साहेबानं वाचलं, साहेबाला ठाव हाय, म्हणजी चालत आसंल. म्हून काढीत ऱ्हायलो माल. नायतर म्या मशीनच बंद केली असती."

मोनिका चहा घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "घरी येऊन रोज सांगायचे, साहेब सही करतात म्हून."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा गोड होता, अर्धाच प्यालो. निघताना गाडीपर्यंत आला आणि "दुपारचं ऊन हाय, गॉगल लावा," म्हणाला. मला फार लाज वाटली. इथे लिहितानाही वाटतेय.

सोमवार, २१ एप्रिल

सकाळी साडेआठला सुधारित अहवाल पाठवला. सर्जेरावांना, एचआरला, कंत्राटदाराला आणि पुण्याच्या ग्राहकाला. एकाच मेलमध्ये, म्हणजे कुणाला मागे घेता येऊ नये. मलाही.

नमुन्यांचे फोटो जोडले, काचा तिरप्या धरून. पाचव्या 'का'च्या पुढे लिहिलं, "थंड होण्याची वेळ कमी करण्याची सूचना श्रीधर सेलूकर यांनी केली. ऑपरेटर सांडू गायके यांनी एक्क्याऐंशी वेळा लेखी कळवलं. सेलूकर यांनी न वाचता सह्या केल्या." डिसेंबरपासूनचा माल परत मागवावा आणि सांडूचा गेटपास परत द्यावा, असंही लिहिलं.

नऊला सर्जेरावांचा फोन. पहिलं मिनिट त्यांनी जे म्हटलं ते या जाड कागदावर लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "उद्या मुलाखतीला या मात्र. रिकामी खुर्ची बरी दिसत नाय."

मंगळवार, २२ एप्रिल

मुलाखत सात मिनिटांची झाली. मला वाचलेले सात सेकंद आठवले. एकच प्रश्न लक्षात राहिला: "हे स्वतःहून लिहिलंत?" हो म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. काय टिपलं ते उलटं वाचता येतं का, म्हणून मी मान तिरपी केली, पण जमलं नाही.

शनिवार, २६ एप्रिल

जागा पुण्याच्या प्लांटमधल्या एकाला मिळाली. कायझेनच्या फलकावरून माझा फोटो उतरवला, तिथे चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. एचआरला विचारलं, मिक्सर परत करू का? ते म्हणाले, वापरलेला मिक्सर ठेवायला आमच्याकडे रकाना नाही. उमाला सांगितलं तर म्हणाली, "मिक्सर नेतील. तीन महिने खाल्लेली चटणी कशी परत देणार?" बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो. मला तिचा राग राहिलेला नाही, हेही लिहून ठेवतो.

काल स्वरालीची सीईटी झाली. ध्रुवणावर एकच प्रश्न आला होता, कोनाचा. बरोबर आला म्हणाली.

सोमवार, ५ मे

सांडूला गेटपास मिळायला दोन आठवडे लागले. काढून घ्यायला एक दुपार पुरली होती. आज पहिल्या पाळीला सात नंबरवर आला. येईल की नाही याची मला खात्री नव्हती. बिडकीनला त्याचं बोलणं झालं होतं, असं दगडाबाईंकडून कळलं. मी जाऊन भेटलो. गॉगल त्याच्या हातात दिला आणि काच कशी तिरपी धरायची ते दाखवलं. त्याने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आता बरा हाय माल." मशीनशेजारी एक जुना मॉनिटर लावून घेतला आहे आणि गॉगल खिळ्याला टांगला आहे. खिळा जरा वाकडा ठोकला गेलाय. राहू दिला.

दुपारी सह्यांसाठी चोवीस पानं टेबलावर आली. आता वाचायला चाळीस मिनिटं लागतात आणि बस चुकते. सात नंबरच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात सांडूने लिहिलं होतं, "माल थंड निघतो. मशीनवरचा पंखा बंद आहे, कळवणे."

उठून सात नंबरवर गेलो. पंखा खरंच बंद होता. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, पंखा फिरायला लागेपर्यंत तिथेच उभा राहिलो, मग परत येऊन सही केली.